शनिवार-रविवारची मोट: नोकरी, घर आणि छंद

शनिवार-रविवार म्हणजे सुट्टी, असे आपण सरसकट म्हणतो. पण जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील एखाद्या नोकरदार घरात डोकावले, तर एकाच छताखाली तीन-चार प्रकारचे शनिवार नांदताना दिसतात. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्याने तहसील कचेरीत काम करणाऱ्याला शनिवार पूर्ण मोकळा मिळतो. बँकेत असलेल्याला मात्र १ सप्टेंबर २०१५ पासूनच्या व्यवस्थेप्रमाणे महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवारच सुट्टीचा असतो; बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे. मुलांची शाळा बहुधा शनिवारी सकाळी भरते. घरचे दुकान असेल तर शनिवार हा धंद्याचा वार, आणि शेती असेल तर वाराचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा घरात ज्याला चित्र काढायचे आहे, पेटीवर रियाज करायचा आहे, भरतकाम पुरे करायचे आहे किंवा अहिराणीत कथा लिहायची आहे, त्याने ‘वेळ मिळाला की बसू’ असे ठरवले तर तो वेळ त्याला मिळत नाही. तो आधीच राखून ठेवावा लागतो.

राखायचा कसा, याबाबत एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करावा. दोन दिवसांचे तास मोजून त्यांची नोकरी, घर आणि छंद अशी समान वाटणी करणे कागदावर सुरेख दिसते, परंतु शनिवारी सकाळी दहापर्यंतच ती मोडीत निघते. वाटणी तासांची करण्यापेक्षा कामांची जात ओळखावी. काही कामे मध्येच तुटली तरी चालतात: भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, पेन्सिलींना टोक करणे. काही कामे एकदा तुटली की पुन्हा पहिल्यापासून करावी लागतात: हिशेबाचा ताळा, जलरंगाचा मोठा वॉश (पातळ रंगाचा सलग हात), कथेतला अवघड प्रसंग. दुसऱ्या जातीच्या कामांना सलग वेळ द्यायचा आणि पहिल्या जातीची कामे उरलेल्या फटींत बसवायची, एवढे सांभाळले तर दोन दिवस अपुरे पडण्याची तक्रार बरीच कमी होते.

शुक्रवारी संध्याकाळी करावयाची यादी

भुसावळ-जळगाव किंवा चाळीसगाव-धुळे असे रोज अप-डाऊन करणाऱ्यांना शुक्रवारचा परतीचा प्रवास या कामासाठी उत्तम. इतरांनी रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे काढावीत. एका कागदावर प्रथम ज्या गोष्टींची वेळ आपल्या हातात नाही, त्याच लिहाव्यात: मुलांची शाळा, लग्नाचा मुहूर्त, पाहुण्यांची गाडी, डॉक्टरांनी दिलेली वेळ आणि पाणी. ज्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही, तेथे पाण्याची पाळी ही यादीतील सर्वांत वरची नोंद असली पाहिजे, कारण पाणी आले की घरातले प्रत्येक माणूस कामाला लागते आणि त्या वेळी कुंचला हातात घेऊन बसलेल्या माणसाकडे कोणीही प्रेमाने पाहत नाही. मात्र पाणी पहाटेचे असेल तर त्याचा एक फायदाही आहे. टाकी आणि पिंप भरून झाले की बाकीची मंडळी पुन्हा पांघरूण ओढतात, आपण जागेच असतो, आणि पुढचा तास-दीड तास आठवड्यात क्वचितच मिळणारा असा शांत वेळ असतो. मळ्यात राहणाऱ्यांच्या घरी नळाऐवजी कृषिपंपाच्या विजेची पाळी असते. ती रात्रीची असलेल्या आठवड्यात पहाटेच्या बैठकीचा विचारही करू नये, कारण रात्रभर पाणी भरून आलेल्या माणसाला पहाटे केवळ झोपेची गरज असते.

यानंतर ज्या गोष्टी करायच्याच आहेत, पण ज्यांची वेळ पुढे-मागे सरकवता येते त्या लिहाव्यात: दळण, बाजार, इस्त्री, गाडीची दुरुस्ती, कार्यालयातून घरी आणलेले काम. सर्वांत शेवटी छंद लिहावा. तो शेवटी लिहायचा असला तरी ‘चित्र’ किंवा ‘रियाज’ असे मोघम न लिहिता नेमके काय करायचे तेच लिहावे, उदाहरणार्थ ‘तापीच्या पुलाच्या चित्रात आकाशाचा वॉश’. मोघम नोंदीसमोर बसल्यावर पहिली वीस मिनिटे आज काय करावे हे ठरवण्यातच जातात.

कार्यालयाचे काम घरी येऊ नये हे उत्तम, पण ते येते. त्यासाठी दोनच पथ्ये सांगावीशी वाटतात. ज्या कामात दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहायची आहे, ते प्रश्न शुक्रवारी दुपारी चारच्या आत विचारून मोकळे व्हावे. शुक्रवारी सहाला पाठवलेल्या प्रश्नाचे उत्तर रविवारी ऐन जेवणाच्या वेळी फोनवर येते आणि ताट तसेच राहते. दुसरे म्हणजे आणलेले काम शनिवारी एकाच बैठकीत संपवावे. ते दोन्ही दिवसांवर पसरून ठेवले की प्रत्यक्ष काम दोन तासांचे असले, तरी मनावर ओझे मात्र दोन दिवस राहते.

छंदाचे तीन भाग

कोणत्याही छंदात तयारी, मुख्य काम आणि आवराआवर असे तीन भाग असतात, आणि यांतल्या फक्त मधल्या भागालाच सलग शांतता लागते. अनेकांचा मिळालेला तास तयारीतच खर्च होतो: कागद शोधा, रंगाच्या वाळलेल्या वड्या भिजवा, सुईत दोरा ओवा, वहीतले मागचे पान काढा. म्हणून तयारी शुक्रवारी रात्री, दूरदर्शन संचासमोर किंवा घरच्यांशी बोलता बोलता करून ठेवावी. तिच्यात व्यत्यय आला तरी काही बिघडत नाही.

जलरंगाचे उदाहरण जरा तपशिलाने पाहू, कारण या छंदाचे घरकामाशी चांगले जमते. शुक्रवारी रात्री कागद चारही कडांना टेप लावून फळीवर पक्का करावा, शक्यतो ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), म्हणजे ओला झाल्यावर तो फारसा फुगत नाही. पेन्सिलीचे रेखाटन त्याच रात्री उरकावे. पाण्याची दोन भांडी, जुने सुती फडके आणि लागणारे दोन-तीनच रंग जागेवर काढून ठेवावेत. शनिवारी सकाळी बसल्याबरोबर आकाशाचा वॉश द्यावा आणि उठावे. थंडीच्या दिवसांत तो वाळायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात कुकर लावून होतो, मुलाचा डबा भरून होतो. परत येऊन मधली टेकडी रंगवावी, पुन्हा उठावे. रंग वाळेपर्यंत थांबण्याची सक्ती एरवी चित्रकाराला अस्वस्थ करते. संसारी माणसाच्या मात्र ती पथ्यावर पडते.

हे गणित उन्हाळ्यात उलटते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी असते, आणि वॉशची खालची कड पुरी होण्याआधी वरची वाळून तिच्यावर डाग उमटतो. कूलरसमोर बसण्याचा मोह होतो, पण त्याच्या झोताने कागद आणखी लवकर वाळतो. अशा वेळी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या गुळगुळीत पाटीवर चिकटवावा म्हणजे ओल अधिक काळ टिकते, आणि बैठक सूर्योदयापूर्वी उरकावी. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे एप्रिल-मेमध्ये पेन्सिल आणि शाई यांवरच भागवणे. त्या महिन्यांत घरोघरी कुरडया, पापड आणि बिबडे यांची वाळवणे असतात, पहाटेची वेळ गच्चीवर त्यातच जाते, आणि छंदाला मिळतो तो दुपारचा बंद खोलीतला वेळ. गाणाऱ्यांना कूलरचा आणखी वेगळा त्रास असतो. त्याच्या घरघरीत सूर नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी स्वरांचा रियाज पहाटे करावा आणि दुपारी बंदिशींचे शब्द पाठ करणे, तालाची मात्रामोजणी अशी कामे घ्यावीत.

जागेबद्दल थोडे. स्वतंत्र खोलीची वाट पाहू नये. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून, त्यावर प्रकाश पाडून, विस्तीर्ण निसर्गदृश्यांचा भास होईल अशी टेबलटॉप छायाचित्रे काढली, आणि तीही अनेक दशके घराबाहेर क्वचितच पडून. त्यांच्या एकांतवासाचा कित्ता आपण गिरवू शकत नाही, कारण त्यांना दर रविवारी भाऊबंदांकडे जेवायला जायचे नव्हते. पण एक टेबल पुरते हा त्यांच्या कामातून दिसणारा धडा मात्र घेण्याजोगा आहे. ते टेबल कायमचे मांडलेले असावे. जेवणासाठी किंवा इस्त्रीसाठी रोज रिकामे करावे लागणाऱ्या टेबलावर छंद फार दिवस टिकत नाही. टेबल अशक्यच असेल, तर सगळे साहित्य मावेल अशी एक पत्र्याची पेटी ठेवावी आणि ती पलंगाखाली सरकवता यावी.

घरच्यांशी बोलणे

येथे बहुतेकांचे अडते. छंदाला बसायचे म्हणजे जणू काही चोरी करायची आहे अशा रीतीने माणसे गुपचूप खोलीत शिरतात, आणि मग पाच मिनिटांनी हाक आली की चिडतात. त्यापेक्षा वेळ आणि परत येण्याची वेळ दोन्ही आदल्या दिवशी सांगावे. ‘आबा, उद्या सकाळी सहा ते साडेसात मी माडीवर बसणार आहे, साडेसातला खाली येऊन चहा मीच ठेवते’, असे सासऱ्यांना सांगितलेले वाक्य ‘मला जरा वेळ हवा’ या विनवणीपेक्षा कितीतरी उपयोगी ठरते, कारण त्यात ऐकणाऱ्याला काय सोसायचे आहे आणि किती वेळ, हे स्पष्ट असते. साडेसात म्हटले की साडेसातलाच उठावे, चित्र अर्धवट राहिले तरी. दोन-तीन आठवडे वेळ पाळली गेली की पुढे दार वाजत नाही.

पती-पत्नी दोघांनाही छंद असेल तर अदलाबदल ठरवावी: शनिवारची सकाळ एकाची, रविवारची दुसऱ्याची, आणि ज्याची पाळी नाही त्याने दूधवाला, मुले, फोन आणि दार हे सगळे सांभाळावे. येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. पुरुष तबला घेऊन बसला की घरात त्याला ‘छंद’ म्हणतात आणि बाई भरतकामाला बसली की ‘हातासरशी तेवढी मेथीही निवडून टाक’ असे सांगतात. अदलाबदल खरी व्हायची असेल, तर स्वयंपाक हा तिच्या पाळीच्या वेळेतही तिच्याच नावावर राहता कामा नये. त्या सकाळी पोहे दुसऱ्याने करावेत आणि ते बिघडले तरी निमूट खावेत. घरातील वडीलधाऱ्या बाईचे भजनी मंडळ असेल तर त्याची वेळही याच कागदावर यावी. तिचाही तो छंदच आहे.

मुलांना आपल्या छंदात सामील करून घ्यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अर्धाच पटतो. तयारीत आणि आवराआवरीत मुले जरूर असावीत. कुंचले धुणे, दोऱ्यांची रिळे रंगांप्रमाणे लावणे हे त्यांना आवडते. मुख्य कामाच्या तासात मात्र त्यांना शेजारी बसवायचे असेल तर त्यांचा कागद वेगळा, त्यांचे रंग वेगळे. आपल्या चित्रावर त्यांनी हात फिरवला म्हणून रागावण्याची वेळ आपणच आणू नये.

रविवारी भरीत असेल तर

थंडीत हे निमंत्रण टळत नाही. शुक्रवारी रात्रीच फोनवर निरोप येतो: ‘दादा, रविवारी मळ्यात भरीत आहे, वहिनी आणि पोरांना घेऊन अकरापर्यंत या.’ अकरा म्हटले तरी पंगत दोन-अडीचच्या आत बसत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला दिवस आखता येतो. सकाळी साडेनऊपर्यंतचा वेळ आपला, त्यानंतरचा मळ्याचा. नकार देऊन घरी बसण्यापेक्षा, निरोप आल्याबरोबर एक नेमके काम स्वतःकडे मागून घ्यावे: ‘येतो, आणि पुऱ्यांसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आम्ही आणतो.’ नेमके काम पत्करलेल्या माणसाला बाकीची कामे आपोआप माफ होतात. काहीच न पत्करलेल्याला मात्र दिवसभर कोणीही काहीही सांगते.

मळ्यात गेल्यावर कामाचा ओघ पाहावा. पांढरट हिरवी, मोठी वांगी पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर टाकली की ती सगळीकडून भाजून, साल काळी पडून आत मऊ होईपर्यंत एक-दोन माणसांचेच काम असते, ते म्हणजे वांगी फिरवणे. बाकीचे बोलत बसतात. रेखाटनाची छोटी वही काढायची ती याच वेळी. धुरामागची माणसे, उकिडवे बसून लसूण सोलणाऱ्या बायका, बांधावर टेकलेली सायकल; रंग नकोत, नुसत्या रेषा पुरेत. वांगी सोलायला घेतली की वही खिशात घालावी, कारण तेव्हा सगळ्यांचे हात लागतात. सोललेला गर बडगीत (ठेचण्याच्या लाकडी भांड्यात) घालून, भाजलेली हिरवी मिरची आणि लसूण यांच्यासह मुसळाने ठेचताना ती बडगी धरायलाही माणूस लागतो, आणि फोडणीत शेंगदाणे आणि कांद्याची पात पडेपर्यंत कोणी मोकळे नसते. जेवणानंतर चार-साडेचारला ऊन तिरपे होते. छायाचित्रे काढायची असतील तर तो अर्धा तास धरावा आणि साडेपाचला परतीला लागावे. सोमवारचे दप्तर आणि डबे लक्षात ठेवले तर याहून उशीर परवडत नाही.

ज्या रविवारी छंद बाजूला ठेवावा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घरांत कानबाई ही देवी बसते. त्या आठवड्यात दळणापासून घर सारवण्या-पुसण्यापर्यंत आणि रोटांच्या नैवेद्यापासून रात्रीच्या जागरणापर्यंत काम संपत नाही, बाहेरगावचे भाऊबंद एकत्र येतात, आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जन होते. या दिवशी तासभर बाजूला काढण्याचा आग्रह धरणे हट्टीपणाचे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात तेव्हाही तेच, आणि घरचे लग्न असेल तेव्हाही. मागील आणि पुढील आठवड्यांत बैठका नीट होत असतील, तर मधला एक रविवार गेल्याने हात बिघडत नाही.

ज्यांचा छंद लेखन, गायन किंवा लोकसाहित्य जमवणे हा आहे, त्यांना मात्र कानबाईची रात्र बरेच काही देऊन जाते. घरातील म्हाताऱ्या बायकांना जी गाणी येतात ती पुष्कळदा त्यांच्याच तोंडी उरलेली असतात. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी त्यांना विचारावे. फोन विमान अवस्थेत (एअरप्लेन मोडवर) ठेवावा, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन गाणे तुटत नाही. तो पंख्यापासून दूर, दुहेरी घडी घातलेल्या कापडावर ठेवावा, आणि सुरुवातीस तारीख, गाव आणि गाणारीचे नाव स्वतःच्या आवाजात बोलून घ्यावे. वर्षभराने मुद्रणाच्या नावावरून काहीच आठवत नाही. गाणी उतरवून घेण्याचे काम पुढच्या शनिवारांवर टाकावे, एका वेळी एकच गाणे घ्यावे, आणि अहिराणी शब्द जसा ऐकू येतो तसाच लिहावा, त्याला प्रमाण मराठीचे रूप देऊ नये. अडलेला शब्द विचारायला त्या आजींना फोन करावा लागतो, आणि तो फोन बहुधा अर्धा तास चालतो. तोही वेळ धरूनच शनिवार आखावा.

रविवारी रात्री

झोपण्यापूर्वी आवराआवरीसाठी दहा-पंधरा मिनिटे ठेवावीत. कुंचले साध्या पाण्यात धुऊन, बोटांनी टोक जुळवून आडवे वाळत टाकावेत. ओले असताना उभे ठेवले तर पाणी धातूच्या पट्टीत उतरते आणि आतला डिंक सैल होऊन केस गळू लागतात. पेटीचा भाता बंद करून तिच्यावर कापड टाकावे, भरतकामाची सुई कापडात न खोचता सुईदाणीत लावावी. मग पुढची पायरी कोणती, हे एका ओळीत लिहून त्या साहित्याबरोबरच ठेवावे: ‘पुलाच्या खांबांना सावली, डावीकडून’, किंवा ‘बैठकीतले भांडण आत्याच्या तोंडून सांगायचे’. काम अगदी अडलेल्या ठिकाणी थांबवू नये. पुढे काय करायचे हे ठाऊक असतानाच थांबावे, म्हणजे येत्या शनिवारी बसल्याबरोबर हात चालू लागतो. एखाद्या आठवड्यात मुख्य बैठक झालीच नाही, तर ती सोमवार-मंगळवारच्या रात्री झोप मोडून भरून काढू नये. ती ओळ तशीच पुढच्या शुक्रवारच्या कागदावर उतरवावी आणि सोमवारच्या डब्याची भाजी चिरून ठेवावी.